गोपनीय लिफाफा आणि फिरती पीडीएफ

परवा रात्री जेवणं उरकून ओटा पुसत होते तेवढ्यात फोन वाजला. बघते तर परीक्षा अधिकाऱ्यांच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ येऊन पडलेली. तेरा पानं. पहिल्याच पानावर कोपऱ्यात ठळक अक्षरात ‘अत्यंत गोपनीय’, आणि मेसेजच्या डोक्यावर फॉरवर्डचे दोन बाण, म्हणजे माझ्याकडे यायच्या आधी ती बरंच गाव फिरून आलेली. मला आधी हसूच आलं. मग उघडली आणि हसू गेलं.

कॉपी केसेसच्या निकालाची यादी होती. कॉलम बघा, पीआरएन (म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा नोंदणी क्रमांक), सीट नंबर, विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, आईचं नाव, कॉलेज, पेपर, काय सापडलं, आणि शिक्षा. ‘काय सापडलं’मध्ये बहुतेक ठिकाणी ‘मायक्रो झेरॉक्स’, ‘हस्तलिखित चिठ्ठी’, ‘मोबाईल’ असंच होतं, पण एका मुलीच्या नावापुढे ‘उजव्या मांडीवर पेनाने लिहिलेला मजकूर’ असं कुणीतरी व्यवस्थित टाईप केलेलं. पूर्ण नाव, आईचं नाव, कॉलेजचं नाव, आणि मांडी. ग्रुपवर दीडशेच्या वर लोक आहेत, त्यातले निम्मे तर आता परीक्षा विभागात नाहीतच (मीसुद्धा नाही), पण ग्रुप कोण सोडतो, दिवाळीच्या शुभेच्छा मिळत राहतात.

ज्यांना माझं माहीत नाही त्यांच्यासाठी, मी तालुक्याच्या गावात एका कॉलेजात कॉमर्स शिकवते आणि सहा वर्षं सीईओ होते. कंपनीतला सीईओ नाही हो, कॉलेज एक्झामिनेशन ऑफिसर, पगारात एक रुपयाचा फरक पडत नाही आणि मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घरचे लोक तुम्हाला ओळखेनासे होतात ते पद. त्यामुळे हे जे पुढे लिहितेय ते बाहेरून दगड मारणं नाहीये. यातली बरीच कामं मी माझ्या हाताने केलीत.

आईच्या नावाचं आधी सांगते कारण ते कुणाच्या लक्षातच येत नाही. आपल्याकडे दहावी-बारावीचा बोर्डाचा निकाल ऑनलाईन बघायचा तर काय टाकावं लागतं? सीट नंबर आणि आईचं पहिलं नाव. म्हणजे आईचं नाव हा आपल्याकडे एक प्रकारचा पासवर्ड आहे, आणि युनिव्हर्सिटीच्या निकालांनाही ठिकठिकाणी हीच पद्धत. आता ज्या यादीत सीट नंबर आणि आईचं नाव शेजारी शेजारी छापलंय ती यादी म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच खिळ्याला टांगल्यासारखं झालं. शिक्षा कुठली झाली ते तर कळतंच, वर बाकीच्या विषयात किती पडले तेही शेजारच्या काकूंना घरबसल्या बघता येतं. आईचं नाव मार्कशीटवर आलं ते किती चांगल्या हेतूने आलं होतं आणि वापर कशाला होतोय.

कॉपी पकडली की पुढे काय होतं हे मुलांना पण पकडले जाईपर्यंत माहीत नसतं. ब्लॉकवरच्या, म्हणजे परीक्षेच्या वर्गातल्या, सुपरवायझरला काही दिसलं की तो सीनियर सुपरवायझरला बोलावतो. चिठ्ठी ताब्यात. त्या चिठ्ठीवरच मुलाची सही घ्यायची, म्हणजे नंतर ‘माझी नव्हेच’ म्हणता येत नाही. उत्तरपत्रिका काढून घ्यायची, तिच्यावर वेळ टाकायची, आणि दुसरी कोरी द्यायची, की बाबा आता यात पुढचं लिही. पुढचं कोण लिहितं! हात थरथरत असतात. मी एका मुलाला बघितलंय, एसवायचा होता, चिठ्ठी हॉल तिकिटाच्या मागे पंख्यासारखी घडी घालून चिकटवलेली, इतकं बारीक अक्षर आणि इतकी सुबक घडी की मला वाटलं याने एवढा वेळ अभ्यासाला दिला असता तर. दुसरी उत्तरपत्रिका हातात दिल्यावर त्याने पहिल्या पानावर फक्त आपला सीट नंबर लिहिला आणि तो खोडून परत लिहिला आणि परत खोडला, तीन तास संपेपर्यंत तेवढंच.

मग ऑफिसात फॉर्म. नाव, पत्ता, वडिलांचा मोबाईल, आयकार्डची झेरॉक्स, आणि कुणीतरी कधीतरी सुरू केलं म्हणून आधारची झेरॉक्स. का लागते आधारची झेरॉक्स? मी सीईओ झाल्यावर ऑफिसातल्या भाऊसाहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले मॅडम, पहिल्यापासून घेतोय. झालं उत्तर. आणि मग मुलाचा लेखी जबाब. हे लिहायला जड जातंय पण जबाब बऱ्याचदा आम्हीच सांगतो आणि पोरं लिहितात, ‘मी माझी चूक मान्य करतो, पुन्हा असे होणार नाही’. रडत असतं पोर, त्याला सुटायची घाई, आम्हाला पुढच्या सेशनच्या पेपरांची पाकिटं उघडायची घाई. हे सगळं खाकी पाकिटात, पाकिटाला लाख लावून सील, वर लाल अक्षरात ‘गोपनीय’, आणि पाकीट युनिव्हर्सिटीत. मुलाच्या हातात काय राहतं? काही नाही. स्वतः काय लिहून दिलं त्याची झेरॉक्सही नाही. मागितली तर सांगायचं गोपनीय आहे.

वडिलांना बोलावणं हा अजून एक प्रकार. शाळेची सवय आहे ना आपल्याला, काही झालं की ‘बाबांना घेऊन ये’. पोरगं एकवीस वर्षांचं असतं, मतदान करून आलेलं असतं, पण फोन वडिलांना. एकदा असेच एक जण शेतातून तसेच आले होते, पायाला चिखल, केबिनच्या दारात चपला काढून हात जोडून उभे. मुलाने काय केलंय हे मी त्यांना सांगायचा मला काय अधिकार होता हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. मला वाटत होतं मी किती आपुलकीने वागतेय.

आणि मोबाईल! चिठ्ठीचं काय, ती कागदाची चिठ्ठी. आता खिशात नुसता मोबाईल सापडला तरी केस होते, ठीक आहे, नियम आहे. पण मोबाईल जप्त करणं आणि मोबाईल उघडून बघणं यात काही फरक आहे की नाही? एका वर्षी भरारी पथकातल्या एका सरांनी पोराला म्हटलं पॅटर्न टाक, आणि माझ्यासमोर त्याचं व्हॉट्सॲप वर-खाली करायला लागले, पेपर कुणी पाठवला ते शोधायला म्हणून. पेपरबिपर काही नव्हता. एका मुलीबरोबरचं चॅट होतं. सर वाचत राहिले. चेहऱ्यावर ते अर्धवट हसू. मी म्हटलं सर, पाकिटात घालू या आता, तर म्हणाले थांबा हो मॅडम, तपास चाललाय. त्या चॅटमधली मुलगी आमच्याच कॉलेजची होती, शेजारच्या ब्लॉकमध्ये पेपर लिहीत बसलेली, तिने तर कॉपीही केली नव्हती. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं, पुट्टस्वामी केस, मी ते स्टाफरूममध्ये पेपरात वाचलं होतं आणि वाचून छान वाटलं होतं. आमच्या ऑफिसच्या टेबलापर्यंत ते आलेलं मला तरी दिसलं नाही.

पुढचा टप्पा म्हणजे कमिटी. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात परीक्षा व मूल्यमापन मंडळ आहे, त्याने गैरप्रकारांच्या चौकशीसाठी कमिटी नेमायची असते, जास्तीत जास्त पाच जणांची. मधल्या काळात निकाल राखीव. मग एक दिवस पत्र येतं, अमुक तारखेला हजर राहा. एकाच दिवशी ढिगाने मुलं बोलावतात. व्हरांड्यात बाकडी, त्यावर लांबून एसटीने आलेली पोरं आणि त्यांचे आई-बाप, आणि दारातून शिपाई मामा खड्या आवाजात नाव, कॉलेज आणि विषय पुकारतात. मी दोनदा कॉलेजतर्फे गेले होते. तिथे बसलेल्या प्रत्येकाला बाकी प्रत्येकाचं सगळं कळतं. दवाखान्यात निदान आजार तरी पुकारत नाहीत.

एवढं सगळं मी बघत होते, करत होते, आणि त्यात काही उलटं चाललंय हे मला एका मुलीने दाखवलं. तिचं नाव-गाव सांगणार नाही, अर्थातच. एफवायला असताना एका पेपरला चिठ्ठी सापडली, परफॉर्मन्स कॅन्सल झाला (म्हणजे त्या परीक्षेचे सगळे पेपर रद्द), तिने पुढच्या परीक्षेला सगळे विषय परत दिले आणि नीट पास झाली, पुढे डिग्री पण घेतली. म्हणजे शिक्षा भोगून संपली. डिग्रीनंतर दोन वर्षांनी ती कॉलेजात आली, मला वाटलं दाखला न्यायला आली असेल. तिने मोबाईल पुढे केला. आमच्याच कॉलेजच्या वेबसाईटवर ‘नोटीस’ विभागात ती यादी होती, शिक्षा झालेल्या विद्यार्थ्यांची, खाली माझी सही. गुगलवर तिचं नाव टाकलं की दुसऱ्या नंबरला तेच येत होतं. पहिल्या नंबरला एनएसएस कॅम्पचा फोटो. तिला बघायला येणाऱ्या मंडळींपैकी कुणीतरी ते शोधलं होतं, आणि मध्यस्थाकरवी निरोप पाठवला की ‘मुलगी चांगली आहे पण आम्हाला जरा विचार करावा लागेल’. ती रागावली वगैरे नव्हती, तेच मला जास्त लागलं. एवढंच म्हणाली, मॅडम, मला एक परीक्षा कॅन्सलची शिक्षा होती ना, मग हे अजून का चालू आहे?

सही माझी होती हे परत सांगते. त्या वर्षी प्राचार्य म्हणाले यादी फळ्यावर लावा, धाक बसेल, आणि वेबसाईटवर पण टाका. मी टाकली. शिक्षेच्या आदेशात ‘नाव जाहीर करावे’ असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. ती आमची वरची भर.

ती निघताना तिने अजून एक विचारलं, माझ्या केसचे कागद मला बघायला मिळतील का, कारण तेव्हा मी काय लिहून दिलं तेच मला आठवत नाही. आणि मी, सवयीने, म्हटलं अगं ते गोपनीय असतं.

बोलून गेले आणि तिथेच थांबले. ज्या कागदावर तिचं नाव, तिची सही, तिचं अक्षर, तो तिच्यापासून गोपनीय, आणि तिला झालेली शिक्षा सगळ्या जगाला उघडी. आमच्या खात्यात गोपनीय या शब्दाचा अर्थच मुळी असा झालाय, की ज्याचं आहे त्याला दाखवायचं नाही.

घरी येऊन शोधायला बसले, कारण मला वाटलं हा फक्त आमचा खेडवळपणा असेल. नाहीये. जुनी गोष्ट आहे. १९५४ साली उत्तर प्रदेशात इंटरमिजिएटची तीन मुलं पास झाली आणि डिसेंबरमध्ये त्यांच्या घरच्यांना प्रिन्सिपलकडून कळलं की बोर्डाच्या कमिटीने त्यांचा निकाल रद्द केलाय आणि पुढच्या वर्षीही बसता येणार नाही. मुलांना कुणी काही विचारलंच नव्हतं. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९६२ मध्ये, घनश्याम दास गुप्ता केसमध्ये, कोर्टाने सांगितलं की असा निर्णय घेताना मुलाचं म्हणणं ऐकावंच लागेल. आज आम्ही जी शो कॉज, म्हणजे कारणे दाखवा, नोटीस काढतो, त्या मागे हा निकाल. पण ऐकून घेणं वेगळं आणि त्याच्याविरुद्धचे कागद त्याला दाखवणं वेगळं, ते मात्र फार रेंगाळलं.

आपल्या महाराष्ट्राची तर खास केस आहे. १९८४ साली आपल्या बोर्डाच्या विरोधात पारितोष शेठ म्हणून केस झाली होती, मुलांचं म्हणणं आम्हाला आमच्या उत्तरपत्रिका बघू द्या, आणि बोर्डाचा नियम की असा हक्क मिळणार नाही. सुप्रीम कोर्टाने बोर्डाचा नियम उचलून धरला. मग माहिती अधिकार आला, आणि २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय केसमध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा विद्यार्थ्याला हक्क आहे. मधली सत्तावीस वर्षं किती पोरं आपल्याच अक्षराला मुकली असतील. आयर्लंडमध्ये पीटर नोवाक म्हणून एक अकाउंटन्सीचा ट्रेनी होता (माझा विषय म्हणून मी ही केस जरा जास्तच चवीने वाचली), २००९ मध्ये एका पेपरात नापास झाला आणि म्हणाला माझी उत्तरपत्रिका ही माझी वैयक्तिक माहिती आहे, द्या. संस्था म्हणाली ती कसली वैयक्तिक माहिती. भांडत भांडत युरोपच्या कोर्टापर्यंत गेला आणि २० डिसेंबर २०१७ ला कोर्टाने सांगितलं की हो, परीक्षार्थ्याने लिहिलेली उत्तरं पण त्याची वैयक्तिक माहिती आणि परीक्षकाने समासात मारलेले शेरे पण. समासातले शेरे! आमच्याकडे समासात शेरा लिहायलाच बंदी असते, हाच तो धोका ओळखून बहुतेक.

आता ज्याने माझं डोकं फिरलं ते. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात गिरीश रामचंद्र देशपांडे केस झाली. अकोल्यातल्या प्रॉव्हिडंट फंड खात्याच्या एका अधिकाऱ्याला दिलेले मेमो, शो कॉज नोटिसा, शिक्षेचे आदेश हे माहिती अधिकारात मागितले होते. कोर्ट म्हणालं ही त्या कर्मचाऱ्याची वैयक्तिक माहिती, मोठं जनहित दाखवल्याशिवाय मिळणार नाही. ठीक. म्हणजे सरकारी पगार घेणाऱ्या, पन्नाशीच्या, युनियन पाठीशी असलेल्या माणसाला मिळालेला मेमो खासगी. आणि अठरा वर्षांच्या पोरीच्या चिठ्ठीचा मेमो फळ्यावर, वेबसाईटवर, दीडशे मास्तरांच्या मोबाईलवर. मलाही एकदा मेमो मिळालाय (स्क्वाडच्या चहाच्या बिलावरून, ती गंमत परत कधीतरी), तो माझ्या सर्व्हिस फाईलमध्ये आहे आणि माझ्या सख्ख्या नवऱ्यालाही मी तो दाखवलेला नाही, आणि कुणी फळ्यावर लावला असता तर मी ते कॉलेज डोक्यावर घेतलं असतं.

आणि हे जमतच नाही असंही नाहीये. लैंगिक छळाच्या तक्रारी बघणारी जी अंतर्गत समिती असते, तिच्यात मी सध्या आहे. २०१३ च्या कायद्याचं कलम १६ सरळ सांगतं, तक्रारदाराचं नाव, ज्याच्यावर तक्रार आहे त्याचं नाव, साक्षीदार, चौकशीत काय झालं, काही म्हणजे काही बाहेर द्यायचं नाही. न्याय मिळाला एवढं सांगता येतं, ओळख पटेल असं काही नाही. फोडलं तर पाच हजार दंड. पाच हजार म्हणजे काही फार नाही, पण कायद्यात एक ओळ लिहिलेली आहे म्हणून आमचं तेच ऑफिस, तेच भाऊसाहेब, तेच कपाट एकदम शहाणं होतं. फाईल वेगळी, किल्ली एकीकडेच, मिटिंगला मामा चहा आत आणत नाहीत, दारात ठेवतात. मग कॉपीच्या केसला काय होतं?

लोक म्हणतात धाक पाहिजे. मला धाकाचं वावडं नाही, दीडशे पोरांचा हॉल सांभाळलाय. पण काही माहिती खरोखर पुढे जावी लागते तिथे काय करतो ते बघा. रॅगिंगचा आपला राज्याचा कायदा १९९९ चा, त्यात दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला काढून टाकायचं आणि पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश नाही. आता दुसऱ्या संस्थेला कळणार कसं? तर तिला सांगावं लागेल, बरोबर आहे, सांगा. युजीसीचे २००९ चे रॅगिंगविरोधी नियम आहेत, अमन काचरू हा विद्यार्थी रॅगिंगमुळे गेल्यानंतर आलेले, त्यातही प्रवेशाच्या अर्जाबरोबरच्या दाखल्यात मुलाच्या वागणुकीबद्दल लिहिलेलं असावं असं आहे. आणि आपण काय लिहितो? ‘वर्तणूक : चांगली’. रबरी शिक्काच आहे त्याचा. म्हणजे जिथे एका ठराविक माणसाला सांगायचं, तिथे शिक्का, आणि जिथे कुणालाच सांगायची गरज नाही तिथे गावभर. हेडमास्तरांची ती जुनी धमकी आठवते का, ‘दाखल्यावर लाल शेरा मारीन’? निदान तो लाल शेरा दाखल्यावरच राहायचा, ट्रंकेत.

मग म्हणाल नवा कायदा आलाय की. आलाय. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, ऑगस्ट २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कॉलेजांना घाम फोडणारा त्यातला मुख्य भाग दीड वर्षाने, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार. सुरक्षेत हयगय केली तर अडीचशे कोटींपर्यंत दंड. हा आकडा स्टाफरूममध्ये वाचून दाखवला तेव्हा सगळे इतके हसले, कारण आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या पोरांचं मानधन चार-चार महिने निघत नाही. पण हसण्यावारी नेऊ नये. ढोबळ मानाने बघितलं तर हा कायदा फक्त डिजिटल माहितीला लागतो, हाताने लिहून फळ्यावर डकवलेला कागद त्याच्या बाहेर, आणि तोच कागद ऑफिसने स्कॅन करून साईटवर टाकला की आत. आणि अठरा वर्षांखालचा तो लहान मूल, म्हणजे आमची अकरावी-बारावी बहुतेक सगळी आणि एफवायच्या पहिल्या सेमिस्टरमधलीही काही पोरं. आपली माहिती मागायचा हक्क त्यात आहे, पण तो मुख्यतः जिथे आपण संमतीने माहिती दिली तिथला, आणि कॉपीच्या केसमध्ये युनिव्हर्सिटी म्हणणार संमती कसली, आम्ही कायद्याने सोपवलेलं काम करतोय. म्हणजे माझ्या त्या विद्यार्थिनीला फाईल मिळेल की नाही हा प्रश्न तसाच.

शिवाय याच कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(जे) पण बदललं. आधी त्यात वैयक्तिक माहिती नाकारताना अटी होत्या, जनहिताचा विचार तिथेच लिहिलेला होता, आता नुसतं ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच राहिलंय (जनहिताचं दुसरं एक कलम शिल्लक आहे, ८(२), पण अधिकारी ते कधी स्वतःहून उघडतील असं मला वाटत नाही). इथे माझं मन दोन्हीकडे ओढतं. पोरांची नावं झाकली जाणार असतील तर मला हवंच आहे. पण पेपर फोडणारा, मार्क वाढवून देणारा, उत्तरपत्रिका हरवणारा हाही याच पदराखाली लपणार. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या ऑनलाईन पेपर तपासणीचा जो घोळ झाला, निकाल महिनोनमहिने रखडले आणि शेवटी कुलगुरूंना पदावरून जावं लागलं, तशा वेळी माहिती मागायची सोय नको का? विद्यार्थ्याचं झाका आणि संस्थेचं उघडा, इतकं सोपं मला वाटतं, पण कायदा लिहिणाऱ्यांना ‘वैयक्तिक’ या एका शब्दात दोघं सारखेच दिसतात.

सीईओ म्हणून शेवटच्या वर्षी मी काही बारीकसारीक बदल केले, फार नाही. यादी लावणं बंद. प्रत्येकाला वेगळं पाकीट, सही करून न्यायचं. जबाबाची झेरॉक्स मुलाला द्यायची, आणि जबाब सांगायचा नाही, पोराला जसं येईल तसं लिहू द्यायचं, मग अर्धा तास लागू दे. आधारची झेरॉक्स बंद, त्याने काहीही अडलं नाही. भाऊसाहेब दोन दिवस घुश्शात होते. घरी फोन करायचा तर आधी पोराला विचारायचं, करू का. त्यातल्या एकाने सांगितलं मॅडम वडिलांना नको, मामाला करा. केला मामाला. तो आला, पोराला घेऊन गेला, बाहेर टपरीवर दोघं चहा पिताना दिसले. माझ्यानंतर ज्यांच्याकडे चार्ज गेला त्यांनी यातलं काय ठेवलंय ते मी मुद्दाम विचारत नाही.

वेबसाईटवरची ती यादी काढायला किती दिवस लागले असतील? चार महिने. आधी प्राचार्यांची परवानगी, ते म्हणाले अर्ज द्या, कुणी द्यायचा, मी की तिने, मग साईटवाल्याचं एएमसी (देखभालीचं वार्षिक कंत्राट) संपलेलं, त्याचं मागचं बिल थकलेलं, तो म्हणे आधी बिल. शेवटी आमच्याच बीसीएच्या एका पोराने लॉगिन मिळवून पाच मिनिटांत काढली. मी तिला मेसेज केला, काढलं गं. तिने हात जोडल्याची खूण पाठवली. गुगलवर अजून काही दिवस दिसत राहिलं, मग गेलं.

परवाच्या पीडीएफचं म्हणाल तर ज्या सरांनी टाकली त्यांना मी वेगळा फोन केला, ग्रुपवर बोलले नाही. म्हटलं सर डिलीट फॉर एव्हरीवन करा ना. ते म्हणाले, अहो मॅडम, आपलाच ग्रुप आहे. मांडीवाली ओळ वाचून दाखवली तेव्हा जरा गप्प झाले. केली डिलीट. माझ्या फोनमध्ये मात्र ती आपोआप डाऊनलोड झालेली होती, फाईल्समधून काढली तर ड्राईव्हच्या बॅकअपमध्ये सापडली, तिथून काढली. बाकी दीडशे जणांच्या फोनचं मी काय सांगू.

आणि त्या नादात काल परत आमची वेबसाईट उघडून बसले, म्हटलं सगळंच एकदा बघून टाकू. नोटीस विभाग स्वच्छ. मग नॅकचं, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठीचं, पान उघडलं. नॅकला पुरावे लागतात, तक्रार निवारण समितीची मिनिट्स, परीक्षेच्या गैरप्रकारांवर काय कारवाई केली त्याचे कागद, आणि आपल्याकडे पुरावा म्हणजे जे हाताला लागेल ते स्कॅन करून अपलोड. एकशे वीस पानांचं स्कॅन आहे. सत्तेचाळिसाव्या पानावर तीच यादी, जराशी तिरकी, खाली माझी सही, आणि तिच्या नावावर कुणाच्यातरी कपाचा गोल डाग.

तिला अजून कळवलं नाहीये. उद्या आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या) सरांकडे जाणार आहे, आणि ते काय म्हणणार ते मला आत्ताच माहितीये, की मॅडम, नॅकच्या पीअर टीमची तपासणी एकदा होऊन जाऊ दे, मग बघू.